दुहेरी कुलूप आणि बारा शब्द

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या भाच्याचा बंगळूरहून दूरध्वनी आला. अशा वेळी येणारा घरचा दूरध्वनी उचलताना महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाचा हात जरा चाचरतोच, हे माझ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. "मामा, आई बरी आहे," हे त्याचे पहिले वाक्य. दुसरे बराच वेळ आले नाही. मग म्हणाला, "पण तिचे पैसे गेले."

हा मुलगा संगणक अभियंता. चार-पाच वर्षे पगारातून थोडेथोडे बाजूला काढून त्याने बिटकॉइन आणि ईथर घेतले होते. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. भावोजी गेल्यानंतर हाती आलेल्या रकमेतून अडीच लाख रुपये तिने मुलाच्या घरासाठी म्हणून दिले आणि भाव चढत असताना त्याने तेही त्यात घातले. सारे मिळून साडेसहा लाखांच्या घरातले ते धन वीस मिनिटांत नाहीसे झाले होते.

घडले ते असे. नोकऱ्यांच्या एका संकेतस्थळावर त्याला निरोप आला की, एक परदेशी कंपनी नवे वॉलेट तयार करीत आहे, काम घरबसल्या आहे आणि पगार डॉलरमध्ये आहे. मुलाखतीआधी एक चाचणी होती. पाठवलेला प्रकल्प उतरवून घ्यायचा, आपल्या संगणकावर चालवायचा आणि वॉलेट जोडण्याच्या पडद्यावरची एक चूक शोधून द्यायची. मुलाखत घेणाऱ्याचा कॅमेरा 'नेटवर्कच्या अडचणीमुळे' बंद होता. भाच्याने प्रकल्प चालवला, चूक शोधली, दुरुस्तही करून दिली. त्याचे कौतुक झाले. ज्या संगणकावर त्याने हे सारे केले, त्याच संगणकावर त्याचे स्वतःचे वॉलेट होते, आणि ते वॉलेट नव्याने उभे करण्याचे बारा शब्द त्याने तिथेच एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवले होते. तो चूक शोधत असताना तो प्रकल्प त्याच्या संगणकात ही फाइल शोधत होता.

या पद्धतीचे वर्णन पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि तिचा माग उत्तर कोरियापर्यंत नेला होता, हे मला मागाहून वाचताना कळले. भाच्याला कोणी लुटले ते मला ठाऊक नाही. पण रीत तीच.

"मामा, तू एवढी वर्षे दिल्लीत आहेस, तुझ्या ओळखीने काही होणार नाही का?" असे त्याने विचारले. सरकारी अधिकाऱ्याला हा प्रश्न आयुष्यभर विचारला जातो, आणि बहुतेक वेळा काही ना काही होते. निदान अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे ते कळते. त्या रात्री मी त्याला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावले, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरायला लावला, दुसऱ्या दिवशी ठाण्यात पाठवले. तेथील अधिकाऱ्याने त्याला सौजन्याने वागवले. त्याचा पहिला प्रश्न होता, "पैसे कोणत्या बँकेच्या खात्यात गेले?" यंत्रणेच्या दृष्टीने तो अगदी योग्य प्रश्न होता. बँकेच्या खात्यात गेलेली रक्कम वेळीच कळवले तर तिथे रोखून धरता येते. इथे बँकच नव्हती. होता तो अक्षरे आणि अंक यांचा एक लांबलचक पत्ता. तो पत्ता जगातल्या कोणालाही पाहता येत होता आणि त्यावर ताईचे पैसे आल्याची नोंद स्पष्ट दिसत होती. चोराच्या घरातली आपली पेटी खिडकीच्या काचेतून दिसावी आणि घराला दारच नसावे, तसे ते होते.

ती नाणी पुढे कधी एखाद्या नियमबद्ध बाजारात विकायला आली, तर तिथे ती अडवता येण्याची शक्यता असते. आपल्या देशात अशा सेवा देणाऱ्यांना ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आहे. परंतु चोर तिथे येईल तेव्हाची ही गोष्ट.

प्रशासनात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला यातले सर्वांत चमत्कारिक वाटते ते चोरी होणे नव्हे. चोऱ्या कोषागारांतही झाल्या आहेत. चमत्कारिक हे की इथे अपील नाही. आपल्याकडे प्रत्येक आदेशाच्या वर कोणीतरी बसलेले असते. नोट फाटली, अर्धी जळाली, तरी रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परतावा नियम आहेत. तुकडा मोजतात आणि नियमाप्रमाणे पैसे देतात. नोटेवर कोणीतरी वचन दिलेले असते, आणि ज्याने वचन दिले त्याच्या दारात जाता येते. बँक खात्यातून तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर दायित्व ग्राहकाचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. बिटकॉइनच्या ३ जानेवारी २००९ रोजी निघालेल्या पहिल्या नोंदीपासून आजवर त्या वहीत वचन देणारा कोणी नाही. ज्यांनी ती व्यवस्था रचली त्यांनी हेच तिचे वैशिष्ट्य मानले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्या युक्तिवादात मला रस आहे. पण ज्या व्यवस्थेत नंतर काही करता येत नाही, तिथे शहाणपणा सगळा आधीच करून ठेवावा लागतो. सरकारी नोकराला हे उलटे वाटते. आमच्या सवयी 'पुढे पाहू'च्या आहेत.

पुढचे काही महिने मी हा विषय शिकलो, आणि माझा शिक्षक होता भाचाच. दर रविवारी सकाळी तो तिकडून आणि मी इकडून बसत असू. त्यालाही ते बरे वाटत होते असे मला जाणवले. चूक दुसऱ्याला समजावून सांगताना तिची टोचणी थोडी कमी होते. मी त्याला एक अट घातली होती की खऱ्या नाण्याला हात लावणार नाही. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४ मधील सोळावा नियम आम्हाला सट्ट्यापासून दूर राहायला सांगतो. २०२२ च्या वित्त कायद्याने या मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला आणि तोटा कोणत्याही उत्पन्नातून वजा करू दिला नाही, तेव्हाही कर लावणे म्हणजे मान्यता देणे नव्हे, हे सरकारने स्पष्ट केले होते. माझ्या वयाला आणि पदाला प्रयोग पुरे होता.

सुदैवाने प्रयोगाची सोय त्या व्यवस्थेतच आहे. बिटकॉइनचे 'टेस्टनेट' नावाचे एक समांतर जाळे असते. सारे नियम खऱ्यासारखे, नाणी मात्र बिनकिमतीची आणि मागितली की फुकट मिळणारी. इथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गंमत सापडते. ही नाणी शून्य किमतीची आहेत असे ठरवून दिलेले असूनही लोक ती खऱ्या पैशांनी विकू लागले, म्हणून सुरुवातीचे टेस्टनेट बंद करून नवे काढावे लागले होते. एखाद्या वस्तूला किंमत नाही असे जाहीर केल्याने तिला किंमत येणे थांबत नाही, हे आम्हाला एम.ए.ला कोणी एवढ्या सोप्या उदाहरणाने सांगितले असते तर बरे झाले असते.

आता वॉलेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण नावानेच घोटाळा केला आहे. त्यात पैसे नसतात. पैसे म्हणजे सार्वजनिक वहीतील नोंद. वॉलेटमध्ये असते ती किल्ली, म्हणजे त्या नोंदीवर सही करण्याचा अधिकार. तो गुप्त अंक माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून त्याचे बारा किंवा चोवीस शब्दांत रूपांतर करतात. शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. मूळ मानकाबरोबरच्या याद्यांत इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक अशा भाषा आहेत; भारतीय भाषा एकही नाही. हे शब्द ज्याच्या हाती गेले, तो मालक. वारसाहक्क, आधार, ओळखपत्र, कशाचाही प्रश्न येत नाही.

हे शिकत असताना मला वारंवार ग्वाल्हेर आठवत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महालेखाकार कार्यालयात नेमणूक असताना मी मध्य प्रदेशातील एका जिल्हा कोषागाराच्या तपासणीला गेलो होतो. जाड भिंतींची खोली, लोखंडी दार, आणि दाराला दोन कुलपे. एकाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. मुद्रांकांचा मोठा साठा या 'डबल लॉक'मध्ये. खजिनदाराच्या एकट्याच्या ताब्यातील 'सिंगल लॉक'मध्ये नजीकच्या विक्रीपुरताच. जोडकिल्ल्या त्या इमारतीत ठेवायच्याच नाहीत असा नियम. तेव्हा मी नवखा होतो, आणि सकाळभर दोन म्हातारे गृहस्थ एकमेकांची वाट पाहत बसतात हे पाहून मला हसू आले होते. तपासणी अहवालात मी काहीशा आगाऊपणाने 'प्रक्रियेतील विलंब' असा शब्दप्रयोगही केला होता. माझ्या वरिष्ठांनी तो लाल शाईने खोडला आणि समासात काहीही लिहिले नाही.

भाच्याचे सारे धन सिंगल लॉकमध्ये होते, आणि जोडकिल्ली त्याच खोलीत खिळ्याला टांगलेली होती. मी त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे याला हॉट वॉलेट म्हणतात." म्हणेनात. रोज उघडणाऱ्या पेटीत रोजच्यापुरतेच ठेवायचे, आणि नवे काही करून पाहायचे ते जिथे मोठी पेटी नाही अशा खोलीत, हे कोषागाराच्या त्या खजिनदाराला संगणक न पाहताही कळत होते.

म्हणून आम्ही सुरुवात केली ती माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपपासून. त्यातले सारे पुसून टाकले. त्यावर माझे बँकेचे खाते नाही, कार्यालयाचा मेल नाही, कुठल्या संकेतस्थळाचा पासवर्ड साठवलेला नाही. नवे सॉफ्टवेअर तिथेच. उद्या ते दुष्ट निघाले तर त्याच्या हाती जुना लॅपटॉप लागेल, एवढेच. हा एकच नियम भाच्याने पाळला असता तर ताईचे अडीच लाख वाचले असते, आणि तो त्याला ठाऊकही होता. कार्यालयात तो असे परके सॉफ्टवेअर बंदिस्त जागेतच चालवत असे. घरी दिवाळीची सुट्टी होती, नोकरी चांगली होती आणि घाई होती.

मग प्रश्न आला, सॉफ्टवेअर खरे कशावरून? मला वाटत होते, अधिकृत संकेतस्थळावरून घेतले की झाले. तेव्हा भाच्याने मला मोनेरोची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरो या नाण्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काही काळ बनावट वॉलेट वाटले जात होते. कोणीतरी आत शिरून फाइल बदलली होती. हे उघडकीस आणले ते एका वापरणाऱ्याने. उतरवलेल्या फाइलचा 'हॅश', म्हणजे फाइलच्या अंतरंगातून गणिताने निघणारी ओळखखूण, त्याने प्रसिद्ध केलेल्या खुणेशी ताडून पाहिली आणि ती जुळेना. आता खूण आणि फाइल एकाच ठिकाणी ठेवली असेल तर चोर दोन्ही बदलू शकेल. म्हणून खुणांच्या यादीवर निर्मात्यांची डिजिटल स्वाक्षरी असते, आणि ती स्वाक्षरी कोणाची हे तपासण्याची किल्ली आपण दुसऱ्या वाटेने मिळवायची असते.

हे ऐकताच मी त्याला थांबवले. निवृत्तिवेतनाचा आदेश कोषागारात पोचला की तेथील अधिकारी त्यावरील सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहतो, आणि ती नमुना स्वाक्षरी आदेशासोबत येत नाही. ती आधीच, वेगळ्या लखोट्यातून आलेली असते. एकाच लखोट्यात आदेश आणि नमुना आला तर तो नमुना कसला! शंभर वर्षे आम्ही जे बाबूगिरी म्हणून हसत आलो, ते या मुलांनी गणिताने नव्याने शोधून काढले आहे.

ताडून पाहायला मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला, दुसऱ्या वेळी पाच मिनिटे. बहुतेक लोक हे करीत नाहीत, आणि चोराला बहुतेक लोक पुरेसे असतात. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम नावाच्या जुन्या, नावाजलेल्या वॉलेटच्या बाबतीत काय झाले पाहा. वॉलेट खरे होते. पण ते ज्या सर्व्हरांशी बोलते त्यांपैकी काही चोरांनी उभे केले होते, आणि पैसे पाठवायला गेले की त्या सर्व्हरांकडून वॉलेटच्या आतच संदेश दिसे: आवृत्ती जुनी झाली आहे, इथून नवी घ्या. विश्वासू माणसाच्या तोंडून आलेला निरोप कोण नाकारील? ज्यांनी नवी आवृत्ती त्या दुव्यावरून घेतली त्यांचे पैसे गेले. तेव्हापासून मी एवढेच शिकलो की 'अद्ययावत करा' असे कोणी सांगितले तर निरोप वाचावा, बंद करावा, आणि आपण होऊन आपल्या माहितीच्या दाराने जाऊन पाहावे. खरी दुरुस्ती असेल तर ती तिथे असतेच, आणि मग ती लांबणीवर टाकू नये.

प्रामाणिक सॉफ्टवेअरही दगा देते, हा आणखी वेगळा प्रकार. ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले की लिबबिटकॉइन या संचातील एक साधन जे गुप्त शब्द तयार करीत होते, त्यामागचा यादृच्छिक अंक फारच लहान होता. अगणित वाटणाऱ्या शक्यतांऐवजी सुमारे ४२९ कोटीच. माणसाला ही संख्या मोठी वाटते. संगणकाला ती किरकोळ आहे. कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरी लोक लुटले गेले. नव्याकोऱ्या वॉलेटला पहिल्याच दिवशी तिजोरी सोपवू नये असे मी म्हणतो, ते यासाठी. नवा लिपिक कितीही हुशार आणि सज्जन असला तरी त्याच्या हाती आपण काही दिवस आवक-जावकच देतो.

सहीच्या बाबतीत मात्र कोषागाराचा अनुभवही अपुरा पडतो. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या बाजारातून सुमारे दीड अब्ज डॉलर किमतीचे ईथर गेले. तिथे दुहेरी नव्हे, अनेक कुलपे होती. अनेकांच्या सह्यांशिवाय रक्कम हलत नव्हती. सह्या खऱ्या होत्या, सही करणारेही खरे. पण सह्या ज्या पडद्यावर पाहून झाल्या त्या पडद्यामागचे सॉफ्टवेअर चोरांनी बदलले होते. पडद्यावर दिसत होते नेहमीचे हस्तांतरण, आणि सही होत होती वेगळ्याच आदेशावर. माझ्या नोकरीत मी हे पाहिले आहे, कागदावर. वरची टिप्पणी स्वच्छ असते, सहपत्रात भलतेच असते, संध्याकाळी सहा वाजता साठ फाइली समोर असतात, आणि 'तुमच्या आधी दोघांनी पाहिले आहे साहेब' असे सांगितले जाते. तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याने वाचले असेल असे समजतो. म्हणून मोठी रक्कम बाळगणारे एक वेगळे छोटे यंत्र वापरतात, ज्याचा पडदा संगणकापासून स्वतंत्र असतो. त्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम पूर्ण वाचायची. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून भागवायचे नाही, कारण तेवढी जुळणारे पत्ते चोर मुद्दाम तयार करून ठेवतात. आणि त्या यंत्रावर वाचता येणार नाही असे काही आले तर सही नाही.

शब्दांची गोष्ट राहिली. ते संगणकात नकोत, मेलमध्ये नकोत, आणि छायाचित्रात तर नकोतच. २०२५ च्या आरंभी कॅस्परस्कीच्या संशोधकांनी दाखवून दिले की मोबाइलच्या अधिकृत दुकानांतून मिळणारी काही अ‍ॅप्स फोनमधील छायाचित्रे चाळून त्यांतले हे शब्द वाचत होती. कागदावर लिहायचे, आणि कागद लॅपटॉपच्या घरात ठेवायचा नाही. कोणतेही वॉलेट, कोणताही 'मदत कक्ष', कोणतेही नवे अ‍ॅप हे शब्द मागू लागले तर तिथेच उठायचे.

माझा शेवटचा प्रयोग याच कागदाचा होता. टेस्टनेटची काही नाणी वॉलेटमध्ये ठेवली, बारा शब्द लिहून घेतले, आणि वॉलेट जाणूनबुजून पुसून टाकले. मग कागदावरून ते पुन्हा उभे करायला बसलो. वॉलेट म्हणाले, शब्द चुकीचे आहेत. पुन्हा टाकले. पुन्हा तेच. खोट्या नाण्यांसाठी माझ्या तळहाताला घाम फुटला हे मी कबूल करतो. तासाभराने कळले की सातव्या ठिकाणी मी 'वर्ल्ड' लिहिले होते आणि स्वतःचेच अक्षर न लागल्याने 'वर्ड' वाचत होतो; दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. शेवटच्या शब्दात पडताळणीची सोय असते म्हणून चूक निदान दिसली. दूरध्वनीवरून हे सारे ऐकत असलेला भाचा त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. "मामा, खरे पैसे असते तर?" म्हणाला, आणि मग दोघेही गप्प झालो.

त्याने उरलेसुरले आता काय केले आहे ते मी विचारलेले नाही. शब्दांचा एक कागद ताईच्या कपाटात, तिच्या पेन्शनच्या कागदांमध्ये, पाकिटात बंद आहे एवढे मला ठाऊक आहे. ते पाकीट उघडायचे नाही आणि त्याबद्दल कोणाला सांगायचे नाही, हे तिला दोघांनी मिळून समजावले. तिने फक्त विचारले, "यात पैसे आहेत का?" भाचा म्हणाला, "नाही आई, किल्ली आहे." पोर्टलवर त्याच्या तक्रारीपुढे अजून 'प्रक्रियेत' असेच दिसते. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहतो. ताई विचारायची थांबली आहे.